जळू द्यायची वांगी

आमच्या घरात वांग्याचं बी विकत आणायची पद्धत नव्हती. बी वहिनीचं होतं.

मोठ्या भावाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. वहिनी मुरबाडकडची, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातली. आमचं गाव शहापूर तालुक्यात, आटगाव स्टेशनातून चालत येता येईल इतक्या अंतरावर. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरपणाला जाऊन ती परत आली तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत राखेत घोळलेलं बी होतं. भातकापणी उरकल्यावर ओहोळाकाठच्या गाळाच्या जमिनीत, आमच्या मळीत, तिने त्याची रोपं लावली. तेव्हापासून घरात वांगं म्हटलं की तेच.

दिसायला ते वांगं काही खास नव्हतं. लहान, हिरवट, अंगावर जांभळ्या रेघा. देठाला काटे, पानाला काटे, पानाच्या शिरेवरसुद्धा काटे. तोडायला गेलं की बोटं सोलून निघत. पान जाड आणि मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. पण ओहोळ आटून डबकी उरायची आणि सगळ्यांची भाजी करपायची, तेव्हाही ही झाडं उभी असायची. वैशाखातल्या लग्नघरांतून वहिनीकडे वांग्यांसाठी निरोप यायचे.

बी धरायची तिची एक रीत होती. मला आधी वाटायचं, सगळ्यात मोठं फळ ती बियाला ठेवत असेल. तसं नव्हतं. होळी झाली की ती मळीचं पाणी कमी करायची. त्या दिवसांत वांग्यावर लाल कोळी येतो. तिखटाच्या कणाएवढा जीव, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. पानाच्या खालच्या अंगाला बसून तो रस ओढतो. पानावर आधी सुईने टोचल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, मग पान तांबूस होतं, मग शेंड्याला धुरकट जाळी चढते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. हा कोळी आला की दुसरी बाई राख उधळेल, पाणी मारेल. वहिनी काही करायची नाही. जळायची ती झाडं जळू द्यायची. शेवटपर्यंत जी हिरवी राहतील त्यांच्या बुंध्याला ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या झाडाचं फळ घरातल्या कोणी तोडायचं नाही. ते झाडावरच पिकून पिवळं झालं की बी त्याचं.

तिची आई असंच करायची, म्हणून तीही करायची. यात काही विशेष आहे असं तिला वाटत नव्हतं आणि आम्हालाही नाही. पण चिंधीचा अर्थ मला शाळेत असल्यापासून ठाऊक होता. पुढे जे केलं ते मी न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही. म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ज्या कारखान्यात कामाला होतो तो बंद पडला आणि मी गावी परतलो. दादा भातसानगरला धरणावर नोकरीला होता, त्याचं बरं चाललं होतं. घरात भांडण न होता आमची वाटणी झाली. मळीचे दोन भाग झाले, मध्ये बांध पडला. पूर्वेचा भाग वहिनीकडे गेला, पश्चिमेचा माझ्याकडे.

मला लवकर काहीतरी करून दाखवायचं होतं. शहापूरच्या दुकानातून मी संकरित वांग्याचं पाकीट आणलं. ती वांगी काळीभोर, गोल, आरशासारखी चकचकीत. काटा नावाला नाही. कल्याणच्या बाजारात ती टोपलीतून उतरायच्या आत उचलली जायची. वहिनीने पहिल्यांदा पाहिली तेव्हा एक वांगं हातात फिरवून म्हणाली, "भावजी, याला तोंड बघून कुंकू लावता येईल. पण खायचं काय, तेल की पॉलिश?" मी हसलो होतो. दोन हिवाळे माझे चांगले गेले.

त्या वांग्याला अळी फार. शेंडा पोखरते, फळात शिरते. दुकानदाराने दिलेलं औषध मी मारायचो. ते कमी वाटलं की त्यात दुसरं मिसळून मारायचो. तिसऱ्या हिवाळ्यात तर पंप पाठीवरून उतरलाच नाही. अळी गेली, आणि तिच्याबरोबर बाकीचंही बरंच काही गेलं असावं. पूर्वी पानांवर ठिपक्यांचे लाल किडे फिरताना दिसायचे, ते दिसेनासे झाले. तेव्हा मला ते चांगलंच वाटलं.

त्याच हिवाळ्यात वहिनीच्या मळीतही काही वेगळं दिसू लागलं होतं. तिच्या काही झाडांची पानं गुळगुळीत होती. एकदोन झाडांना तर काटे शोधावे लागत. ती बांधापाशी येऊन माझ्या वांग्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फुलांवरचे भोवरे हिकडून तिकडं फिरतात. तुमच्या वांग्याचं रगत माझ्यात घुसलंय." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जुन्या, न मिसळलेल्या बियाची एक पुडी तिने चुलीवरच्या फळीवर ठेवली होती. ती काढून तिने रुजत घातली, पण आमच्याकडच्या पावसाळी हवेत बी फार टिकत नाही. एकही अंकुर आला नाही.

होळीच्या सुमारास माझी वांगी ठिपक्याठिपक्यांनी पांढुरली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं, वर युरिया घातला. झाडाला कोवळी पालवी फुटली आणि त्या पालवीवर तर सगळं आणखीच जोरात पसरलं. बघता बघता माझी मळी तांबडी झाली. पान उलटून पाहिलं तेव्हा कळलं. वहिनीच्या मळीत दरवर्षी थोडाफार येणारा कोळी माझ्याकडे लोंढ्याने आला होता.

पीक हातचं गेलं होतं. मी झाडं उपटली. आता ती टाकायची कुठे?

आमच्याकडे वाळलेलं काही फेकत नाहीत. सगळं राबाला जातं. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पाला, टाहळ, गवत, काटक्या यांचा थर रचायचा आणि उन्हाळा चढला की तो भाजायचा, हा आमचा राब. शिमग्याच्या आधीपासून माणसं राबासाठी पालापाचोळा गोळा करत फिरत असतात. एवढी झाडं फुकट घालवणं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या राबाची जागा बांधाला लागून होती. मी ती सगळी झाडं तिथे नीट रचली, वर गवत टाकलं, उडू नये म्हणून दगड ठेवले. भाजायला अवकाश होता. आमच्याकडे दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे माझ्या राबावरून वहिनीच्या मळीवर.

गावात मोटारसायकलवरून एक कृषी सहायक यायचा. तरुण, कमी बोलणारा. त्याला मी मळी दाखवायला नेलं. त्याने राबावरची एक फांदी उचलून भिंग लावलं आणि मग बांधापलीकडे बघितलं. झाड वाळायला लागलं की कोळी तिथे थांबत नाही, असं त्याने मला समजावलं. तो जाळीच्या तंतूला लोंबकळतो आणि वाऱ्यावर पुढच्या हिरव्या पानावर जातो. उपटलेली झाडं त्याच दिवशी जाळायला हवी होती. अळीच्या औषधाने कोळ्याला खाणारे किडेही मरतात, हेही त्याने सांगितलं. तो दोष देत नव्हता. पण माझे कान तापले.

आम्ही बांध ओलांडला. वहिनीच्या झाडांच्या शेंड्यांवर धुरकट जाळी होती.

मी त्याच दिवशी राब भाजून टाकला. वेळेआधी राब पेटलेला बघून माणसं विचारायला आली. मग वहिनीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती भात पाखडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं.

"बरंच झालं," ती म्हणाली.

मला वाटलं, टोमणा आहे. पण ती खरंच तसं म्हणत होती. तिच्या मळीत आता खरी झाडं कुठली आणि मिसळलेली कुठली, हे तिला उमगत नव्हतं. काटे डोळ्यांना दिसतात, झाडाच्या आतलं दिसत नाही. काटे असलेलं झाडही आतून माझ्या वांग्याचं असू शकतं. एवढा कोळी तिने जन्मात पाहिला नव्हता. तो सगळी कच्ची झाडं जाळेल आणि जी उरतील ती आईच्या घरची, असा तिचा हिशेब होता.

"आता कोळीच निवडून देईल," ती म्हणाली. "तुमी फक्त मधी पडू नका."

मग तिने मला माहेरचं सांगितलं. तिच्या भावाचा निरोप आला होता. त्यांच्या गावात सगळ्यांनी पाकिटातलं बी लावलं होतं, भावानेही. जुनं वांगं आता तिथे कोणाकडेच उरलं नव्हतं. वैशाखात तो बी न्यायला येणार होता. ज्या घरातून तिने बी आणलं त्याच घराला ते परत द्यायचं होतं, आणि याचा तिला मनातून अभिमान वाटत होता. ती तसं बोलली नाही, पण ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

थोड्याच दिवसांत तिला किन्हवलीकडे लेकीच्या घरी जावं लागलं. लेकीचं दुसरं बाळंतपण होतं आणि सासू अंथरुणाला खिळलेली. जायच्या आधी ती मला मळीत घेऊन गेली. अर्धीअधिक झाडं तांबडी पडली होती. काही हिरवी होती. मी म्हटलं, हिरव्यांना चिंध्या बांधून जा.

"अजून नाय," ती म्हणाली. "आता हिरवं दिसतं त्यातलं बरंच फसवं असतं. कोळी तिथवर पोचलेला नसतो. अजून जळू दे. मी आल्यावर बांधीन."

मला तिने दोनच गोष्टी सांगितल्या. गुरं आत येऊ द्यायची नाहीत, आणि झाडांना हात लावायचा नाही.

त्यानंतरचे दिवस मला आजही उकलून सांगता येत नाहीत, पण प्रयत्न करतो. रोज सकाळी मी गुरं बघायला म्हणून मळीत जायचो. रोज आणखी काही झाडं तांबडी झालेली असायची. जाळी एवढी दाट झाली की उन्हात ती चमकायची. माझी मळी उघडी पडली होती. त्या मोकळ्या जमिनीला लागून वहिनीची मळी अशी जळत होती की बांधावरून जाणाऱ्या कोणालाही दिसावं, आग कुठून कुठे गेली. गावातल्या दुकानापाशी एकाने विचारलं, "काय रे, दिराने वयनीची वांगी भाजली म्हणं? आता भरीत कधी करताय?" सगळे हसले. मीही हसलो. त्यात वाईट काही नव्हतं, गावात असं बोलतातच. पण मी तिथून निघालो आणि घरी न जाता सरळ मळीत गेलो.

तिथे उभा राहून मी स्वतःला सांगितलं, सगळीच जळाली तर? वहिनीचा अंदाज चुकला तर? एवढा कोळी तर तिच्या आईनेही बघितला नसेल. मग भाऊ येईल तेव्हा ती काय देणार? हे प्रश्न खोटे नव्हते. पण मला माहीत आहे की पुढचं जे केलं ते मी त्या प्रश्नांमुळे केलं नाही. मला ते तांबडं बघवत नव्हतं. ते माझं होतं आणि तिच्या शेतात दिसत होतं. मला ते पुसायचं होतं.

शहापूरला जाऊन मी पाण्यात मिसळायचं गंधक आणि कोळ्याचं औषध आणलं. उजाडल्यावर, ऊन चढायच्या आत, सगळी मळी फवारली. एक झाड सोडलं नाही. पानं उलटून उलटून मारलं. काटे बोटांत घुसत होते आणि मला ते बरं वाटत होतं, जणू त्याने काही फिटतंय. ओहोळाच्या डबक्यातून बादल्या आणून पाणीही घातलं. काही दिवसांनी पुन्हा एकदा मारलं. इतकं मन लावून मी स्वतःच्या पिकाला कधी फवारलं नव्हतं.

कोळी मेला. झाडांना नवे शेंडे फुटले. तांबडी पानं गळून गेली आणि सगळी मळी एकसारखी कोवळी हिरवी झाली. फार सुंदर दिसत होती. दुकानापाशी मला कोणी काही बोललं नाही.

वहिनी परत आली ती दुपारची. पिशवी ओट्यावर ठेवून थेट मळीकडे निघाली, मी मागोमाग. बांधावरच ती थांबली. हवेत गंधकाचा वास अजून होता. ती आत उतरली, एक झाड बघितलं, पान उलटलं. दुसरं बघितलं. मग पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. तिच्या कमरेला चिंध्या खोचलेल्या होत्या. लेकीच्या घरी बसल्या बसल्या तिने त्या फाडून ठेवल्या असाव्यात.

मी म्हणालो, "सगळी वाचली वहिनी. एकही गेलं नाय."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने नाही. एखादी वस्तू ठेवलेल्या जागी नसली की माणूस जसं बघतो, तसं.

"आता सांगा भावजी," ती म्हणाली, "यातलं कुठलं धरू?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. मी जर सांगू शकलो असतो, हे झाड शेवटपर्यंत हिरवं होतं, ते नव्हतं, तर तिने चिंधी बांधली असती. पण फवारताना मी झाडं बघितलीच नव्हती. मी फक्त तांबडं बघत होतो. तिने कमरेच्या चिंध्या काढल्या, मला वाटलं फेकेल, पण तिने त्यांची गुंडाळी करून पदरात बांधली आणि चहा टाकायला घरी गेली.

त्या उन्हाळ्यात आम्ही खूप वांगी खाल्ली. झाडं भरभरून लागली होती. दादा म्हणायचा, यंदाची वांगी बेष्ट आहेत, आणि वहिनी त्याला वाढत राहायची.

वैशाखात तिचा भाऊ आला. उन्हातून आलेला, हातात बियासाठी आणलेली कापडी पिशवी. मी ओट्यावरच बसलो होतो. तो पाणी प्यायला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्याने बियाचं विचारलं. वहिनी आतून म्हणाली, औंदा बी नाय धरलं. त्याने कारण विचारलं. लेकीच्या बाळंतपणात राहून गेलं, असं तिने सांगितलं. तो चेष्टेने म्हणाला, "शहापूरला येऊन आईचं इसरलीस गो तू." वहिनीने आतून चहा आणून त्याच्यापुढे ठेवला.

तिथे एक वाक्य बोलणं माझं काम होतं. पाव्हणं, ती नाय इसरली, मी घालवलं. एवढंच. मी ते बोलणार होतो. तेवढ्यात त्याने माझ्याकडे वळून विचारलं की माझं पीक कसं झालं, आणि मी कोळ्याविषयी, बाजाराविषयी बोलत सुटलो. तो रिकामी पिशवी घडी करून घेऊन गेला. फवारणीची चूक एका घाबरलेल्या माणसाची होती, तिला मी मनात कुठेतरी जागा देऊ शकतो. त्या दुपारच्या गप्प बसण्याला कुठेच जागा देता येत नाही. माझ्या चुकीचा बोल तिने स्वतःच्या माहेरच्या माणसाकडून ऐकून घेतला, आणि मी शेजारी बसून बाजारभाव सांगत होतो.

पुढच्या हिवाळ्यात मी वांगं लावलं नाही. वाल टाकले. वहिनीने त्या हिरव्यागार मळीतल्याच जरा बऱ्या दिसलेल्या फळांचं, चिंधीशिवायचं बी घरापुरतं रुजवलं होतं. झाडं सगळ्या जातींची आली. काही काटेरी, काही गुळगुळीत, काहींची फळं गोल, काहींची लांबट. ती कोळ्याची वाट बघत राहिली. पण त्या वर्षी फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला आणि कोळी धुऊन गेला. पान ना पान हिरवं. तिने जुजबी बी धरलं आणि चिंधी एकाही झाडाला बांधली नाही.

त्यानंतरच्या वर्षी मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, वहिनी, मी बांधाला लागून माझ्या अंगाला पाकिटातल्या वांग्याची एक ओळ लावतो. फुलं येतील तशी खुडत जाईन, म्हणजे भोवरे काही मिसळणार नाहीत. पाणी कमी देईन. त्याच्यावर कोळी आधी येईल. मग त्याच फांद्या तोडून तुझ्या झाडांवर टाकू.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी कोळी मारलात, आता पाळणार?"

पण नको म्हणाली नाही.

गावाला हसायला नवा विषय मिळाला. मी रोज सकाळी फुलं खुडायचो आणि पानं उलटून कोळी आला का बघायचो. आला तेव्हा मला आनंद झाला, हे सांगायला आता लाज वाटत नाही. कृषी सहायकाची तोवर बदली झाली होती, जाताना तो म्हणाला होता की संशोधनाच्या शेतांवरसुद्धा चिवट झाडं अशीच मुद्दाम रोग-कीड लावून निवडतात. ते मी वहिनीला सांगितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग तिची मळी जळायला लागली. या वेळी मी रोज तिथे जाऊन बसायचो. पाणी घातलं नाही, हात लावला नाही. चांगली दिसणारी, फुलावर आलेली झाडं तांबडी होत गेली. काटेरी झाडंही गेली. काटे असून गेली, म्हणजे वहिनीचं म्हणणं खरं होतं. संपूर्ण मळीत शेवटी मोजकी झाडं हिरवी राहिली. वहिनीचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. तिला खाली बसवत नव्हतं, म्हणून ती बोट दाखवायची आणि मी चिंधी बांधायचो. एका झाडापाशी मी आपणहून वाकलो तर म्हणाली, "ते नको. फसवं हाय." दोनच दिवसांनी ते तांबडं पडलं.

त्यातलं एक फळ तिने रीत मोडून कोवळं असताना तोडलं. चव घेतल्याशिवाय माहेरी द्यायचं नाही, असं तिचं म्हणणं. सुकट घालून कालवण केलं. पहिला घास तिने स्वतः खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. मला धीर नव्हता. मी विचारलं, तेच आहे का?

"तेच नाय," ती म्हणाली. "पण जवळचं हाय. बुडाला जरा गोडसर लागतं. आईचं असं गोड नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आईचं आता कुठून आणणार."

वैशाखात आम्ही दोघं मुरबाडला गेलो. वहिनीने मला चल असं म्हटलं नव्हतं. मी येतो म्हणालो तेव्हा ती फक्त म्हणाली, "या, पण पिशवी तुमी धरा." तिच्या गावाच्या वाटेवर तारेची कुंपणं दिसत होती. मुंबईच्या लोकांनी फार्महाऊससाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली होती. भावाची खालची शेतंही त्यात गेली होती. घराच्या मागे थोडी जमीन उरली होती, न्हाणीचं पाणी जायचं तेवढी.

घरात भाऊ, त्याची बायको आणि नवी सून होती. चहा आला. मी कपाला हात लावायच्या आधी बोललो. माझ्या वांग्यांची झाडं मी राबावर ठेवली, त्यावरून कोळी गेला, आणि वहिनीने हात लावू नका म्हटलेलं असताना मी तिची सगळी मळी फवारली. तुम्ही बी न्यायला आलात तेव्हा मी समोर बसलो होतो आणि गप्प राहिलो. ती काही विसरली नव्हती, पाव्हणं.

भावाने वहिनीकडे बघितलं, वहिनी सुनेच्या बांगड्या बघत होती. शेवटी भाऊ म्हणाला, "मग त्या वेळी मला बोलली का नायस गो?"

"काय बोलू," वहिनी म्हणाली. "दीर माझा हाय."

मी राखेत घोळलेलं बी त्याच्या हातात दिलं. त्याने पुडी उघडली, बोटाने बी चाळलं. आणि मग त्याने विचारलं, याला पाणी किती लागतं, आणि बी धरायचं झाड ओळखायचं कसं.

त्याच्याच आईची ती रीत. लहानपणी त्याने रोज बघितली असणार. पण मधली किती वर्षं पाकिटातलं बी आलं आणि गेलं, आणि ज्या वर्षी ते परत आलं असतं त्या वर्षी तो रिकाम्या हाताने गेला होता. मी वहिनीकडे बघितलं. तिने सांगावं अशी माझी अपेक्षा होती.

"भावजी सांगतील," ती म्हणाली.

मी सांगितलं. होळीनंतर पाणी कमी करायचं. कोळी येईल. पानं तांबडी होतील, जाळी चढेल. औषध मारायचं नाही. मारावंसं फार वाटेल. सून उंबऱ्याला टेकून ऐकत होती. तिला हे वेडेपणाचं वाटत असावं, कारण तिने मध्येच विचारलं, "आणि सगळीच जळाली तर?"

हाच प्रश्न मी एकदा स्वतःला विचारला होता आणि त्याच्या आड लपून पंप उचलला होता. मी म्हणालो, सगळी जळाली तर मी पुन्हा बी आणून देईन. ज्या वर्षी मागाल त्या वर्षी आणून देईन. माझ्या मळीत दरवर्षी हेच वांगं लावीन.

वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"ऐकलं ना सगळ्यांनी," ती म्हणाली, आणि सुनेला घेऊन न्हाणीमागची जागा बघायला गेली.